मान धरते, मांडी भाजते, बोटांना मुंग्या येतात: लॅपटॉपचा तोच तोच त्रास परत का येतो

मान धरली, बाम लावला, दोन दिवस बरं वाटलं, परत धरली. लॅपटॉप तापतो म्हणून दुकानात नेला, साफ करून आणला, काही दिवस ठीक चालला, परत तापायला लागला. बॉडीला हात लावला की झिणझिण होते म्हणून चार्जर बदलला, तरी होतेच. या तीन तक्रारी मी इतक्या जणांकडून ऐकल्या आहेत की आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

त्रास परत येतो कारण आपण जिथे दुखतं तिथे इलाज करतो. मान दुखली की मानेचा, मशीन तापलं की मशीनचा. पण लॅपटॉप कशावर ठेवलाय आणि चार्जर कुठल्या बोर्डात लावलाय या दोन गोष्टी तशाच राहतात, त्यामुळे आठ-पंधरा दिवसांत गाडी परत मूळ पदावर. म्हणून काहीही खर्च करायच्या आधी या दोन गोष्टी बघा, कुठे ठेवता आणि कुठे लावता. बहुतेकांचं उत्तर इथेच सापडतं.

आधी मानेचं, कारण ते सगळ्यात जास्त जणांना आहे

लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड बिजागरीने एकमेकांना जोडलेले असतात आणि सगळी अडचण त्या बिजागरीत आहे. हात बरोबर उंचीवर ठेवले तर स्क्रीन खाली जातो आणि मान वाकते, स्क्रीन डोळ्यांसमोर आणला तर कीबोर्ड वर येतो आणि खांदे उचलले जातात. दोन्ही एकाच वेळी बरोबर होणं शक्यच नाही, खुर्ची कितीही महाग घ्या. लॅपटॉप मुळात इकडून तिकडे न्यायच्या सोयीसाठी आहे, आपण त्याच्यावर रोज आठ-दहा तास ऑफिस चालवतो.

वाकलेल्या मानेवर किती भार येतो याचा हिशोब न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली कॉम्प्युटर मॉडेलवर मांडला होता. डोकं सरळ असताना मानेवर साधारण पाच किलो, १५ अंश वाकलं की १२ किलो, ३० अंशांना १८ आणि ६० अंशांना तब्बल २७ किलो. ते मॉडेल आहे, माणसाच्या मानेत काटा लावून केलेलं मोजमाप नाही, त्यामुळे आकडे काटेकोर धरू नका, पण दिशा बरोबर आहे. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या कुणाचाही बाजूने फोटो काढा आणि त्यालाच दाखवा, बाकी काही सांगावं लागत नाही.

माझ्या बहिणीचं उदाहरण सांगते. ती घरून अकाउंट्सची कामं करते, जीएसटी रिटर्न वगैरे. तिची मान आणि उजवा खांदा दर महिन्याला ठरलेल्या दिवसांत धरायचा, फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले, ती मनापासून करायची, बरं वाटायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. एकदा आम्ही दोघींनी बसून तारखा बघितल्या तर दुखणं बरोबर ११ तारखेच्या आधी सुरू व्हायचं आणि २० नंतर ओसरायचं, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी भरायच्या तारखा. त्या दिवसांत ती डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून रात्रीपर्यंत बिलांचे आकडे टाकत बसायची. तिचा लॅपटॉप १४ इंची, त्याला उजवीकडचं नंबर पॅड नाही, त्यामुळे वरच्या ओळीतले आकडे दाबायला दोन्ही मनगटं बाहेरच्या बाजूला वळवून बसायचं आणि मान खाली. व्यायाम चुकीचे नव्हतेच, पण महिन्याचे ते दहा दिवस व्यायामाने मिळालेलं सगळं घालवून टाकत होते.

तर करायचं काय. स्क्रीन आणि कीबोर्ड वेगळे करायचे. लॅपटॉप उंचावर चढवायचा आणि त्याला बाहेरून साधा यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस लावायचा. वायरवाला सेट हजाराच्या आत मिळतो, यापेक्षा भारी काही घ्यायची गरज नाही. स्टँड नसेल तर जाड पुस्तकं, जुन्या डिरेक्टऱ्या, रिकामा खोका, काहीही चालेल, फक्त डुगडुगायला नको आणि खालची हवेची भोकं झाकली जायला नकोत. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली, अंतर हात सरळ केला की बोटं स्क्रीनला टेकतील इतकं, कोपर साधारण काटकोनात अंगाजवळ, मनगट सरळ. एवढं जमलं की अर्ध्याहून जास्त काम झालं.

इथे दोन बारीक गोष्टी आहेत ज्या कुणी सांगत नाही आणि त्यामुळेच लोक म्हणतात स्टँड घेतला तरी फरक नाही. पहिली, नंबर पॅडवाला मोठा कीबोर्ड घेतला की माउस बराच उजवीकडे सरकतो आणि हात सतत लांब ताणून धरावा लागतो, मग मान सुटते पण खांदा धरतो. अशा वेळी कीबोर्ड थोडा डावीकडे सरकवा, म्हणजे जी आणि एच ही बटणं तुमच्या बेंबीच्या रेषेत येतील आणि माउस खांद्याच्या सरळ रेषेच्या फार बाहेर जाणार नाही. आकड्यांचं काम नसेल तर नंबर पॅड नसलेला छोटा कीबोर्डच बरा. दुसरी गोष्ट बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्यांसाठी. त्यांना स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत ठेवला तर काचेच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर उचलून मान मागे टाकावी लागते आणि दुखणं वाढतं. अशांनी स्क्रीन बराच खाली ठेवून थोडा मागे कलता करायचा, आणि दिवसभर काम असेल तर चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून द्या म्हणून सांगायचं. पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही इंटरनेटवरचा सरसकट सल्ला देताना हे आधी विचारा, चष्मा कुठला आहे.

डायनिंग टेबलाबद्दल. आपल्याकडची टेबलं साधारण ३० इंच उंच असतात, आणि सव्वापाच फुटाच्या आतल्या बाईला त्यावर टाइप करायला खांदे उचलूनच बसावं लागतं. खुर्चीवर उशी घेऊन उंच व्हा, मग पाय लोंबकळतात, तर पायाखाली पाट घ्या. लोंबकळते पाय म्हणजे मांडीच्या मागची बाजू खुर्चीच्या कडेवर दाबली जाते, माणूस पुढे सरकून बसतो, पाठीचा आधार सुटतो आणि परत मान पुढे. सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, त्यामुळे खालून वर यायचं, आधी पाय, मग बूड, मग कोपर आणि शेवटी स्क्रीन.

खाली मांडी घालून बसायची सवय असलेले बरेच आहेत आणि त्यात वाईट काही नाही, फक्त लॅपटॉप मांडीवर किंवा सतरंजीवर नको. चौरंग घ्या, त्यावर लॅपटॉप, पाठ भिंतीला टेकलेली, कमरेमागे लोड. चौरंगावरही स्क्रीन खालीच राहतो हे खरं, म्हणून तासाच्या वर बसायचं असेल तर लॅपटॉप चौरंगावर आणखी डब्याने चढवा आणि कीबोर्ड मांडीवर घ्या. कीबोर्ड मांडीवर चालतो, तो तापत नाही.

आणि अक्षरं मोठी करा. हे फुकट आहे आणि लोक करत नाहीत. छोट्या स्क्रीनवर फुल एचडी असताना विंडोजमधलं स्केल १०० टक्के ठेवलं की अक्षरं मुंगीएवढी दिसतात, मग माणूस नकळत नाक स्क्रीनजवळ नेतो, आणि मग खुर्ची, स्टँड, कीबोर्ड सगळ्यावर पाणी. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, स्केल इथे १२५ किंवा १५० करा, ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून अधिकचं बटण दाबा. पाठ टेकून बसल्यावर वाचता आलं पाहिजे, तोवर वाढवत राहा.

सगळं बरोबर मांडूनही एकाच जागी दोन-दोन तास बसलात तर दुखणारच. अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, फोन आला की उभं राहून बोला. यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे, फक्त करत नाही कुणी.

मुंग्यांचे दोन प्रकार, हे नीट वाचा

बोटांना मुंग्या येतात म्हटलं की दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे नस दबते. दुसरं म्हणजे लॅपटॉपच्या बॉडीत चार्जरमधून हलका करंट येतो. ओळखायचं सोपं आहे. चार्जर भिंतीतून काढा, नुसता लॅपटॉपमधून नाही, बोर्डातून काढा, आणि पाच मिनिटं बॅटरीवर काम करा. झिणझिण गेली तर ती करंटची. राहिली, किंवा काम थांबवल्यावरही रात्री झोपेत हात बधिर होतो, तर ती नसेची.

आधी नसेचं. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल तर मनगटातून जाणारी मीडियन नस दबत असण्याची शक्यता, यालाच कार्पल टनेल म्हणतात. करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग असेल तर ती दुसरी नस, अल्नर, ती कोपराच्या आतल्या बाजूने जाते आणि टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणाऱ्यांची दबते. लॅपटॉपची पुढची कड बऱ्याच मॉडेल्सना धारदार असते आणि टाइप करताना मनगटाची आतली बाजू नेमकी तिच्यावर दाबली जाते, दिवसाअखेर तिथे लाल रेघ उठलेली दिसते. ती रेघ दिसली तर बाहेरचा कीबोर्ड आजच्या आज आणा. आणि हातातून कप सुटणं, शर्टाची बटणं लावता न येणं, बोटांची ताकद गेल्यासारखं वाटणं, मानेतून हातात कळ उतरणं, यातलं काही असेल तर हा लेख बंद करा आणि ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोलॉजिस्टकडे जा. तिथे कीबोर्ड-माउसचा प्रश्न संपला.

आता करंटचं. मेटल बॉडीच्या लॅपटॉपवर बोटं हलकेच फिरवली की खरखरीत, थरथरल्यासारखं लागतं, अनवाणी पाय शहाबादी फरशीवर असतील तर जास्त, चप्पल घातली की कमी. टेस्टर लावला तर दिवाही लागतो आणि घरातले घाबरतात. होतं असं की चार्जरच्या आत इलेक्ट्रॉनिक गोंगाट गाळण्यासाठी कपॅसिटर नावाचा एक छोटा भाग असतो, तो २३० व्होल्टच्या बाजूतून अगदी थोडा करंट लॅपटॉपच्या बाजूला जाऊ देतो. अर्थिंग असेल तर तो करंट अर्थच्या वायरने निघून जातो. अर्थिंग नसेल तर बॉडीवर शंभरच्या आसपास व्होल्ट दिसतात, पण करंट मिलिॲम्पियरच्याही छोट्या भागाएवढा, त्यामुळे जाणवतो पण धक्का बसत नाही. टेस्टरच्या निऑन दिव्याला पेटायला तेवढा पुरतो. म्हणजे चांगल्या कंपनीचा धड चार्जर असेल तर ही झिणझिण जिवावरची नाही. पण चार्जर तीन पिनचा असेल तर ती एक मोठी गोष्ट सांगून जाते, तुमच्या बोर्डात बहुधा अर्थिंग नाही. आणि त्याच बोर्डात उद्या गीझर किंवा मिक्सर लागणार आहे. म्हणून ही तक्रार मी कधीच थोडक्यात सोडत नाही.

शोधायचं असं. चार्जरची पिन बघा. तीन पिनची असेल तर वरची जाड पिन अर्थची. ती पिन सरळ बोर्डात जाते की मध्ये दोन पिनचा कन्व्हर्टर लावलाय? कन्व्हर्टर असेल तर अर्थ तिथेच तुटला, तो काढून टाका. काही ठिकाणी तर जाड पिन पक्कडीने तोडून टाकलेली बघितली आहे, असली वायर सरळ बदला, ती वायर वेगळी मिळते, अख्खा चार्जर घ्यायची गरज नाही. एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर त्याच्यावर विशेष संशय घ्या. स्वस्तातल्या बोर्डांना वर तीन भोकं असतात पण आतून वायर दोनच तारांची असते, तिसरं भोक नुसतं दाखवायला. बोर्ड बाजूला काढून चार्जर थेट भिंतीत लावा, झिणझिण थांबली तर चोर सापडला.

थेट भिंतीतही थांबत नसेल तर वायरमनला बोलवा, हे स्वतः करायचं काम नाही. तो मीटर लावून बघेल, फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) यांच्यामध्ये २३०च्या आसपास व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट, असं आलं तर अर्थिंग ठीक. फेज-अर्थ फारच कमी किंवा नाचरा आला तर अर्थची तार कुठेतरी सुटलीय किंवा नाहीच. जुन्या वाड्यांत, चाळींत कितीतरी ठिकाणी वायरिंगच दोन तारांचं आहे. स्वतंत्र घर असेल तर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि नेमकी एप्रिल-मेमध्ये झिणझिण सुरू होते, पावसाळ्यात आपोआप बंद. त्यात पाणी ओता, कोळसा-मीठ भरून किती वर्षं झाली ते विचारा.

एक गोष्ट मात्र वायरमनला ठणकावून सांगा. काही जण शॉर्टकट म्हणून बोर्डाच्या मागे न्यूट्रलचीच तार अर्थच्या पॉइंटला जोडून देतात, झिणझिण लगेच थांबते आणि तुम्ही खूश. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी लॅपटॉप, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या बॉडीवर पूर्ण फेज येईल. याने माणूस जाऊ शकतो. अर्थ वेगळाच हवा, आणि जमलं तर मेन बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.

दोन पिनचा चार्जर असेल, आजकालचे टाइप-सी वाले बरेचसे तसेच येतात, तर त्याला अर्थ नसतोच, थोडी झिणझिण राहणार. अशा वेळी लॅपटॉपला टीव्ही किंवा मॉनिटर जोडायचा असेल तर आधी एचडीएमआय केबल लावा, मग चार्जर. उलट केलं तर पोर्टजवळ बारीक ठिणगी उडू शकते आणि पोर्ट जाऊ शकतो. आणि झिणझिणीऐवजी खरा झटका बसत असेल, किंवा चार्जर कुठल्याशा दुकानातून घेतलेला बिननावाचा असेल, तर तो वापरूच नका. तिथे काटकसर करायची नाही.

वळवाचा पाऊस सुरू झाला, गडगडायला लागलं, की चार्जर बोर्डातून काढा आणि इंटरनेटची तांब्याची केबल लॅपटॉपला लावलेली असेल तर तीही. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

तापण्याचं

लॅपटॉप खालून हवा घेतो आणि मागून किंवा बाजूने गरम हवा सोडतो, बहुतेक मॉडेल्समध्ये असंच आहे. खाली गादी, गोधडी, सोफ्याची उशी असेल तर हवा घ्यायचं तोंडच बंद. मग पंखा जोरात फिरतो, प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि तुम्हाला वाटतं मशीन जुनं झालं, स्लो झालं. वर कापसाचे, लोकरीचे बारीक तंतू पंख्यातून आत जाऊन पंखा आणि जाळीच्या मधे नमद्यासारखा थर धरतात. दुकानात तो थर काढून देतात, म्हणून काही दिवस मशीन छान चालतं, घरी आल्यावर परत गोधडीवर. साफसफाई परत परत करावी लागण्याचं कारण नव्याण्णव वेळा हेच असतं.

पलंगावर बसूनच काम करायचं असेल तर खाली कडक सपाट काहीतरी हवं, लाकडी पाट, फळी, पायवाली छोटी घडीची टेबलं मिळतात ती. आणि लॅपटॉप उलटा करून खालचे रबरी पाय मोजा. एखादा गळून पडलेला असतो आणि कुणाचं लक्ष नसतं, त्या दोन-चार मिलिमीटरच्या फटीतूनच हवा आत जाते. हार्डवेअरच्या दुकानात चिकटवायचे रबरी बटन दहा-वीस रुपयांत मिळतात, लावून टाका.

काही न करता पंखा घोंघावत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, सगळ्यात वर काय आहे बघा. बऱ्याचदा अपडेट किंवा अँटीव्हायरसचं स्कॅनिंग असतं, ते अर्ध्या तासात संपतं. रोजच कुठलंतरी ब्राउझरचं टॅब वर दिसत असेल तर तेच बंद करा.

अजून एक नेहमीचं. झाकण लावून लॅपटॉप बॅगेत टाकला, ऑफिसात पोहोचून काढला तर हात लावता येत नाही इतका गरम आणि बॅटरी निम्मी. विंडोजचे नवे लॅपटॉप स्लीपमध्ये पूर्ण झोपत नाहीत, मधेच जागे होऊन अपडेट वगैरे करत बसतात, आणि बंद बॅगेत हवा कुठून मिळणार. प्रवासाला निघताना शटडाऊन करा, नाहीतर कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण लावल्यावर हायबरनेट व्हावं असं ठरवून ठेवा. उघडी कामं जशीच्या तशी राहतात आणि मशीन खरोखर बंद असतं.

विदर्भातल्यांना वेगळं सांगते. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला बाहेर ४५ असताना घरातही ३५च्या वर असतं, त्यामुळे दुपारी मशीन तापलं तर त्यात बिघाड असेलच असं नाही. जड कामं सकाळी किंवा रात्री उरका, आणि कूलरच्या अगदी समोर लॅपटॉप ठेवू नका, त्याची हवा ओलसर असते.

साफसफाई घरी करणार असाल तर मशीन बंद, चार्जर काढलेला, आणि ब्लोअरने हवा मारताना पंख्याचं पातं जाळीतून टूथपिकने हलकेच अडवून धरा, नाहीतर हवेच्या जोराने पंखा गरगर फिरून बेअरिंग जातं. खालचं झाकण उघडायची सवय नसेल तर माहितीतल्या माणसाकडून करून घ्या.

आता शरीराचं. मांडीवर तासन्‌तास गरम लॅपटॉप ठेवला की कातडीवर जाळीसारखे तपकिरी-लालसर डाग पडतात. चटका बसत नाही, दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. ४३ ते ४७ अंशांची ऊब रोज रोज लागत राहिली की हे होतं. काश्मिरात फिरनच्या, म्हणजे लांब सैल अंगरख्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, घेऊन बसणाऱ्यांच्या पोटा-मांडीवर असे डाग डॉक्टर फार पूर्वीपासून बघत आलेत. लॅपटॉपमुळे झालेली अशी एक केस स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डॉक्टरांनी २०१० साली छापली, १२ वर्षांचा मुलगा, रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन गेम खेळायचा, डाग डाव्या मांडीवर, कारण त्याच्या लॅपटॉपची तीच बाजू जास्त गरम व्हायची. सवय सोडली तर बहुतेकांचे डाग हळूहळू फिके होतात, फार जुने झाले तर राहतात, आणि अशा जागी खडबडीतपणा किंवा न भरणारी जखम दिसली तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच.

तरुण मुलांसाठी अजून एक, लाजून न बोलण्यासारखं यात काही नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकच्या डॉक्टरांनी २००५ साली २९ तरुणांवर केलेली मोजणी आहे, मांडीवर लॅपटॉप घेऊन तासभर बसल्यावर अंडकोषाचं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं. त्यातला बराचसा भाग नुसत्या गुडघे जुळवून बसण्याचा आणि वरचा लॅपटॉपच्या उष्णतेचा. त्याच डॉक्टरांनी पुढे बघितलं तर मांडीवर घ्यायच्या पॅडनेही ते वाढणं थांबत नाही. यातून मूल होणारच नाही असं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण शुक्राणूंना उष्णता सोसत नाही हे पक्कं आहे, तर ज्यांच्या घरी त्या दिशेने विचार चालू आहे त्यांनी लॅपटॉप टेबलावरच ठेवावा.

डोळ्यांचं थोडक्यात. स्क्रीनकडे बघताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघा, खिडकी पाठीमागे नको आणि समोरही नको, बाजूला हवी, आणि पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर नको. तरी थांबलं नाही तर नंबर तपासा.

बॅटरी फुगली असेल तर बाकी सगळं सोडून हे आधी

टचपॅड वर आलाय, क्लिक नीट होत नाही, झाकण पूर्ण बसत नाही, टेबलावर ठेवला तर लॅपटॉप डोलतो, कीबोर्ड मधून उचललेला दिसतो. यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगल्याची दाट शंका घ्या. चार्जिंग लगेच बंद, मशीन बंद, आणि पलंग, पडदे, कागद यांपासून लांब फरशीवर ठेवा. दाबून झाकण बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणीने गॅस काढायचे व्हिडिओ फिरतात ते अजिबात करू नका, लिथियमच्या सेलला भोक पडलं की आग लागते आणि ती सहज विझत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून फुगलेली बॅटरी आहे हे आधी सांगून मग न्या, आणि कुरियरने पाठवू नका. काढलेली बॅटरी भंगारवाल्याला किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात द्यायची नाही, २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, सर्व्हिस सेंटरमध्येच ठेवून घ्या म्हणून सांगा.

नवी बॅटरी बसवली आणि दीड-दोन वर्षांत तीही फुगली असं सांगणारे भेटतात. त्यांचा लॅपटॉप चोवीस तास चार्जिंगला आणि तोही गादीवर किंवा उन्हाच्या खिडकीत. सतत शंभर टक्के चार्ज आणि सोबत उष्णता, या दोन्हीने लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. आता बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमीवर थांबवायची सोय असते, कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये), लेनोवोत कॉन्झर्वेशन मोड, आसुसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग अशा नावांनी. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांनी ती चालू करा, प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री बंद करून पूर्ण चार्ज करून घ्या.

यानंतरही त्रास परत आला तर विचारताना एवढं नक्की सांगा: लॅपटॉपचं मॉडेल, कशावर ठेवता, चार्जर दोन पिनचा की तीन, मध्ये एक्स्टेन्शन आहे का, त्रास चार्जर काढल्यावरही होतो का, आणि दिवसाच्या किंवा महिन्याच्या ठरावीक वेळी वाढतो का. मान किंवा हाताचं असेल तर बसलेला बाजूने काढलेला फोटो, तापण्याचं असेल तर टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट.